तीन देशांचं मशीन आणि नानांचा कोपरा

"या घरात माझ्या परवानगीशिवाय खुर्चीसुद्धा जागची हलत नाही, समजलं?"

नानांनी हे खुर्चीत बसूनच ठणकावलं. आणि खुर्ची म्हणजे काही साधीसुधी नव्हे! वजनमापे खात्यात उभा जन्म काढून निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी दिलेली. उंच पाठ, हातांना गादी आणि पायांना चाकं. ती असायची पुढच्या खोलीत, खिडकीखालच्या कोपऱ्यात. उजव्या हाताला हात धुवायचं बेसिन, डाव्या हाताला रेडिओचा प्लग, समोर अख्खा रस्ता. न उठता चूळ भरावी, न उठता बातम्या ऐकाव्यात, न उठता समोरच्या घरी कोण आलं, किती पिशव्या घेऊन आलं, हे पाहावं. वैकुंठाची मांडणी याहून फार वेगळी नसणार, अशी नानांची प्रामाणिक समजूत होती.

दारात दोन हमाल उभे होते आणि त्यांच्यामध्ये एक भलंमोठं खोकं. त्यात होतं कपडे धुवायचं मशीन.

त्याचं असं झालं होतं. माईंच्या मनगटांनी संप पुकारला होता. पिळायला टॉवेल घेतला की माईंच्या डोळ्यांतून टॉवेलपेक्षा जास्त पाणी निघायचं. डॉक्टरांनी सांगितलं, आता धुणं बंद. ही बातमी तीन देशांत पोचली, कारण नाना-माईंची तीन मुलं तीन देशांत. तिघं कधी नव्हे ती एकाच वेळी सुट्टी काढून आली आणि तिघांनी मिळून आईसाठी मशीन घेतलं. इथवर सगळं गोड!

"कुठे ठेवायचं?" हमालानं विचारलं.

बस्स. या दोन शब्दांनी घरात जे काही सुटलं ते सुटलं!

"स्वयंपाकघरात," थोरली म्हणाली.

"खाली, जिन्याखाली," चिरंजीव म्हणाले.

"बाथरूममध्ये," धाकटी म्हणाली.

तिन्ही उत्तरं इतकी एकदम आली की हमालानं खोकं जिथल्या तिथे खोलीच्या मधोमध टेकवलं, वेष्टण उतरवलं, घाम पुसला आणि मशीनच्या पाठीवर थोपटून म्हणाला, "मागे चार बोल्ट आहेत बघा. आतलं पिंप प्रवासात आपटू नये म्हणून आवळलेले असतात. जागा नक्की झाली की काढून टाका. काढल्याशिवाय चालू करू नका. आणि काढल्यावर उगाच इकडे-तिकडे नाचवू नका." एवढं सांगून ते दोघं शहाण्या माणसांसारखे निघून गेले.

त्या दिवशी जेवणं झाली, मंडळी लवंडली. नाना मात्र हळूच उठले. आयुष्यभर व्यापाऱ्यांना कापरं भरवणारी पोलादी टेप त्यांनी खिशातून काढली. आधी मशीन मोजलं. मग सगळं घर मोजलं. स्वयंपाकघरात नळ होता, पण सांडपाण्याला वाट नव्हती. बाथरूममध्ये वाट होती, पण प्लग नव्हता. जिन्याखाली तर नुसता अंधार होता. सगळ्या घरात नळ, सांडपाणी आणि प्लग हे तिन्ही एका जागी नांदत होते, अशी जागा एकच.

नानांनी तिथे टेप लावली. मशीन अगदी चपखल बसत होतं. दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरत होती!

नानांनी टेप खाडकन मिटली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि खुर्ची त्या कोपऱ्यात आणखी आत सारून तिच्यात असे रुतून बसले, जसं काही त्यांना तिथे कुणी कोनशिलेसारखं बसवलंय. मनात संताप नुसता उकळत होता. मशीन माईचं, पैसे मुलांचे, आणि कोपरा म्हणे माझा! हा कुठला न्याय? ही माहिती या घरातल्या एकाही कानावर जाता कामा नये!

संध्याकाळी चहाला परिषद भरली.

"नाना, आमच्याकडे यात वादच नसतो," थोरली म्हणाली. "झाडून सगळ्यांची मशीनं स्वयंपाकघरात. ओट्याखाली. वर भाजी परतायची, खाली कपडे फिरतायत."

"शी!" धाकटी ओरडली. "वर भाजी आणि खाली पायमोजे?"

"दार बंद असतं गं त्याचं. पायमोजे काय बाहेर येऊन फोडणी देतात?"

एरवी नाना या विषयावर तासभर कडाडले असते. पण त्यांना आता राजकारण करायचं होतं. त्यांनी घसा खाकरला. "थोरली बरोबर बोलतेय. जग पुढे गेलंय. आपणही जायला हवं."

माईंच्या हातातली बशी थबकली. लग्नानंतर नाना पहिल्यांदाच जगाबरोबर जायला निघाले होते.

मशीन स्वयंपाकघरात गेलं. ते ओट्याखाली शिरावं म्हणून पिठाचा डबा बाहेर आला, डब्यामागून तेलाची बरणी आली, बरणीमागून सगळा निर्वासितांचा लोंढाच पुढच्या खोलीत येऊन बसला. नळ लांब पडला म्हणून चिरंजीवांनी दुकानातून लांब पाइप आणला. सांडपाण्याची नळी भांड्यांच्या सिंकमध्ये सोडली.

माई आल्या. त्यांनी नळीकडे पाहिलं. सिंकमधल्या भांड्यांकडे पाहिलं. मग थोरलीकडे.

"म्हणजे यांच्या बनियनचं पाणी माझ्या पातेल्यावर पडणार?"

"माई, आमच्याकडे तर..."

"तुमच्याकडे पडू दे. तुमची पातेली, तुमचे नवरे. माझ्या पातेल्यावर हे चालायचं नाही!"

आता त्या आवाजापुढे नानांचं खातंही टिकलं नसतं. मशीन परत बाहेर!

"मी सांगत होतो," चिरंजीव बाह्या सरसावत म्हणाले. "मुळात मशीन घरात ठेवायचंच कशाला? आमच्याकडे सगळ्या इमारतीचं मिळून तळघरात असतं. प्रत्येकाची पाळी ठरलेली. शिस्त म्हणजे शिस्त!"

"अरे, पण तूच सांगत होतास ना," धाकटी म्हणाली, "तुला जायला जरा उशीर झाला, तर कुणी बाईनं तुझे ओले कपडे काढून जमिनीवर टाकले होते?"

"तो... तो शिस्तीचाच भाग आहे."

"आणि तुझी चादर वर्षभर दुसऱ्याच कुणाच्या खिडकीला पडदा म्हणून लागली होती?"

"ती ताणू नकोस!"

पण नानांनी त्यालाही टाळी दिली. जिन्याखाली? उत्तम! कोपऱ्यापासून दूर, म्हणजे जितकं लांब तितकं पवित्र! मशीन जिना उतरू लागलं. पुढे चिरंजीव, मागे दोघी बहिणी आणि वरून नानांच्या सूचना. "डावीकडे! अरे, तुझ्या डावीकडे नव्हे, मशीनच्या डावीकडे!" शेवटच्या पायरीवर मंडळी पोचतायत, तोच खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य दवाखान्यातून बाहेर आले. त्यांच्या हातात चिमटा होता.

"नाना, जिन्याखाली माझे पेशंट बसतात."

"बसू देत की! कपडे फिरताना बघतील, जिवाला विरंगुळा."

"ते आधीच घाबरलेले असतात हो! त्यांच्यासमोर हे घुरघुरणारं धूड? एकही तोंड उघडायचा नाही!" मग दंतवैद्यांनी जरा विचार केला. "हां, माझे एप्रन त्यात धुवून देणार असाल, तर बघू."

"काय?" नाना वरूनच गरजले. "माझं धोतर तुमच्या त्या रक्ताळलेल्या एप्रनांच्या गळ्यात गळे घालून फिरणार? चढवा रे मशीन वर!"

मशीन वर चढलं. चढताना चिरंजीव ज्या भाषेत बोलले ती त्यांच्या देशातलीच असावी. माईंना ती कळली नाही, हे बरंच झालं.

राहता राहिली धाकटी. तिच्या देशात मशीन न्हाणीघराला लागून असतं, सांडलेलं पाणी झेलणाऱ्या एका सुबक ताटात बसवलेलं. "आणि गंमत माहितीय का, नाना? तिथे अंघोळीच्या टबातलं उरलेलं पाणी नळीनं ओढून घेतात आणि त्यातच कपडे धुतात. पाण्याची केवढी बचत!"

नाना राजकारण विसरले. तोंड लालबुंद झालं.

"माझ्या अंघोळीच्या पाण्यात? अगं, मग ते कपडे धुतले म्हणायचे की बाटवले म्हणायचे?"

"आधी अंग बाहेरच स्वच्छ धुतात नाना, मग टबात बसतात."

"अंग धुतल्यावर परत टबात कशाला बसायचं? काम नाही का लोकांना?"

पण दुसरीकडे तो कोपरा होता! बुवांनी निरूपण रंगात आलेलं असताना मध्येच एकतारीवर बोट थांबवावं, तसे नाना थांबले. श्वास घेतला. आवाजात मध आला. "तरी पण... बचत हा गुण आहे. जाऊ दे बाथरूममध्ये."

बाथरूमचं दार काढावं लागलं. मशीन आत गेलं आणि माणसं बाहेर राहिली. प्लगसाठी लांबलचक वायरचा बोर्ड आणला. पाइपाला आणखी एक पाइप जोडला. आता अंघोळ करायची तर एका पायावर, भिंतीला पाठ लावून, मशीनला मिठी मारून करावी लागे. चिरंजीव साबण उचलायला वाकले आणि मशीनच्या गोल दारात त्यांचं डोकं गेलं ते कानांमुळे बाहेर येईना. अख्खी बाटली तेल खर्ची पडलं!

माई दाराच्या मोकळ्या चौकटीत उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "मला मशीन हवं होतं. सवत नको होती."

मशीन पुन्हा बाहेर. आता ते मधल्या बोळात उभं राहिलं, ना या खोलीत ना त्या. आणि प्रत्येक वेळी ते हलताना चिरंजीव पाना घेऊन मागे जायचे, आणि प्रत्येक वेळी नाना ओरडायचे, "बोल्ट काढू नकोस! जागा कुठे ठरलीय? उद्या परत हलवायचंय. आतलं पिंप निखळलं तर कोण जबाबदार?" बोल्ट राहिले म्हणजे जागा ठरली नाही, आणि जागा ठरली नाही म्हणजे कोपरा वाचला. मुलांची सुट्टी संपत आली होती. ती विमानात बसली की मशीन बोळात पडून राहील, माईला रोजची ठेच लागेल, आणि चार दिवसांनी ती स्वतःच म्हणेल, विकून टाका. धुण्याला बाई लावू. झालं! नाना मनोमन या व्यूहरचनेवर खूश होते.

फक्त एक गोष्ट त्यांच्या हिशेबात नव्हती. घरात मशीन आलंय म्हटल्यावर हातानं कपडे धुवायचं सगळ्यांनीच सोडलं होतं! मळक्या कपड्यांचा ढीग कमरेइतका झाला. नानांची धोतरं संपली, लेंगे संपले, आणि त्या सकाळी नाना चिरंजीवांची अर्धी चड्डी घालून बाहेर आले. तिच्यावर पोपट होते. हिरवे, मोठे, चोचीत फळं धरलेले. आणि वर जो टीशर्ट होता त्यावर परदेशी भाषेत काहीतरी लिहिलं होतं. ते वाचून धाकटी तोंडावर हात ठेवून आत पळाली.

"काय लिहिलंय?" नानांनी विचारलं.

"काही नाही," चिरंजीव म्हणाले. "पण खिडकीत उभे राहू नका."

माईंनी कमरेला पदर खोचला. "आता पुरे. ते आहे तिथेच लावा आणि आजचं धुणं करून घ्या. जागेचं मग बघू."

"आज लावा, पण बोल्ट राहू देत!" नाना पोपटांसह कडाडले. "संध्याकाळी हलवायचंय!"

"नाना, तो माणूस म्हणाला होता की काढल्याशिवाय..."

"तो हमाल! मी निरीक्षक! चार बोल्टांनी काय आकाश कोसळतंय?"

चिरंजीवांनी पाना खाली ठेवला. बापाशी वाद घालायचा नाही हे संस्कार तीन देश ओलांडले तरी पुसले जात नाहीत.

मशीन चालू झालं. सुरुवातीला पाणी भरलं, कपडे हळूच कुशीवर वळले. सगळं घर पाटावर बसल्यासारखं बोळात बसून त्या गोल काचेकडे बघत होतं. "तो बघ तुझा शर्ट!" "ते बघ नानांचं धोतर, केवढं शहाण्यासारखं फिरतंय!" माईंच्या चेहऱ्यावर असं हसू उमटलं की नानांनाही क्षणभर वाटलं, बरी आहे हो वस्तू.

मग मशीननं पिळायला घेतलं.

आधी घुर्रर्र झालं. मग धडधड सुरू झाली. मृदंग्यानं चढ्या लयीत घ्यावं, टाळकऱ्यांनी उड्या मारायला लागावं आणि मंडपाचे खांब डोलावेत, तसं ते मशीन जागच्या जागी उडू लागलं. कपाटातले पेले एकमेकांना आपटले. भिंतीवरचं घड्याळ तिरकं झालं. आणि मशीन चालायला लागलं!

"अगंबाई, हे कुठे निघालं?" माई किंचाळल्या.

आधी लांबवलेले पाइप, मग लांबवलेली वायर! एका जागी बांधलेली गायसुद्धा दाव्याइतकीच फिरते. पण या गायीचं दावं तीन देशांनी मिळून सगळ्या घरभर पुरेल एवढं करून ठेवलं होतं.

"बंद करा! बटण दाबा!"

"कुठलं? सगळ्यांवर नुसती चित्रं आहेत!"

"बादलीचं दाब!"

"आमच्याकडे बादली म्हणजे सुरू!"

"आमच्याकडे भोवरा म्हणजे बंद!"

चिरंजीवांनी भोवरा दाबला. त्या मशीनच्या देशात भोवरा म्हणजे आणखी जोरात.

"प्लग काढा, प्लग!" पण प्लगचा बोर्ड मळक्या कपड्यांच्या ढिगाखाली गाडला गेलेला. तिघं मुलं ढिगात तोंड खुपसून उकरू लागली. मशीन बोळातून बाहेर पडलं, उंबऱ्याला एक टक्कर दिली, वळलं आणि पुढच्या खोलीत शिरून थेट खिडकीच्या दिशेनं निघालं.

नानांनी ते पाहिलं. एवढं मोठं घर, पण त्याला नेमका कोपराच दिसला! ही वस्तू आहे की कुणी पाठवलेला दूत? नाना धावले, खुर्चीत बसले आणि तिचे दोन्ही हात घट्ट धरून ओरडले, "मी उठणार नाही! सांगून ठेवतो, मी इथून उठणार नाही!"

आणि खरंच, नाना उठले नाहीत. मशीननं खुर्चीला बाजूनं ढोसणी दिली. आणि खुर्चीला चाकं होती! नाना बसल्या बसल्या कोपऱ्याबाहेर निघाले, पोपटांचा थवा घेऊन फरशीवरून सुळकन् घरंगळले, स्वयंपाकघराच्या दारातून आत गेले आणि ओट्याखालच्या, पिठाचा डबा काढून केलेल्या मोकळ्या जागेशी जाऊन थडकले.

तिकडे मशीन कोपऱ्यात शिरलं. भिंतीला टेकलं. दोनदा उचकी दिली. आणि धुणं संपल्याची एक गोड धून वाजवून शांत उभं राहिलं.

दार धाडकन् उघडलं. दंतवैद्य! मागे गालात कापूस कोंबलेला एक गृहस्थ.

"काय चाललंय वर? मी नुसता चिमटा लावला, ओढलासुद्धा नव्हता, आणि छताला असा हादरा बसला की दात आपोआप हातात!"

"फार हलका हात हो डॉक्टरांचा," कापसातून गृहस्थ म्हणाले. "कळलंच नाही."

दंतवैद्यांचा राग तिथल्या तिथे निम्म्यावर आला.

एवढ्यात माई मशीनपाशी गेल्या. त्यांनी हातानं दाखवत सांगितलं, "हा नळ. ही सांडपाण्याची नळी. हा प्लग. आणि बघा, बोटबोटभर जागासुद्धा राहिलीय. कसं मापात बसलंय!"

तिघं मुलं ढिगातून वर आली. थोरलीच्या डोक्यावर एक पायमोजा होता. तिघांनी कोपऱ्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे, आणि मग तिघांच्याही माना एकदम स्वयंपाकघराकडे वळल्या.

"नाना," थोरली सावकाश म्हणाली, "तुम्ही घर मोजलं नव्हतंत?"

"मोजलं होतं की," नाना ओट्याखालून म्हणाले. "पण... वरवर!"

"आयुष्यभर वरवर मोजणाऱ्यांना दंड केलात ना हो तुम्ही?" दंतवैद्यांनी विचारलं. त्यांना यात नाक खुपसायचं काहीच कारण नव्हतं.

"कुणीही माझ्यावर संशय घेऊ नये!" नाना उसळले. "हे यंत्र उर्मट आहे! घरात येऊन आठवडा झाला नाही आणि घरमालकाला जागेवरून उठवतंय!"

माई शांतपणे म्हणाल्या, "अहो, मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. तुम्ही टेप लावत होतात, तेव्हा मी जागी होते."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, तुमची लाडकी जागा आहे. आपण होऊन उठाल. नाही उठलात, तर बादली होतीच माझी."

माईंची मनगटं पदराच्या टोकात गुंडाळलेली होती, ती नानांनी पाहिली आणि नजर खाली, चड्डीवरच्या पोपटांवर नेली. मग चिरंजीवांना म्हणाले, "काढ ते बोल्ट."

पाना ढिगात कुठेतरी हरवला होता. शेवटी दंतवैद्यांनी खालून स्वतःचा मोठा चिमटा आणला आणि "आ करा" म्हणत चारही बोल्ट उपटून काढले.

मुलं आपापल्या देशी परतली. पिठाचा डबा पुढच्या खोलीतच राहिला, आणि त्याच्या जागी, ओट्याशेजारी, नानांची खुर्ची. तिथून रस्ता दिसत नाही, कुकर दिसतो. पहिल्या दिवशी माईंनी "बसलाच आहात तर" म्हणून मटार सोलायला दिले. दुसऱ्या दिवशी न म्हणताच दिले. मनगटांना सोलणंही सोसत नाही, हे नानांना कळत होतं, म्हणून सोलत होते. पण धुसफुस थांबली नव्हती.

रविवारी तिन्ही मुलांचा एकत्र फोन आला. फोनच्या काचेत तीन चौकोन, तीन देश.

"नाना, कसं वाटतंय?"

"कसं वाटणार?" नानांनी शेंग तडकन् फोडली. "तुमच्या देशांचं मोठं कौतुक सांगत होतात ना? एकीकडे मशीन स्वयंपाकघरात, एकाकडे तळघरात, एकीकडे न्हाणीघरात! असेल बाबा! पण मी छातीठोकपणे सांगतो, जगाच्या पाठीवर असा एकही देश नसेल, जिथे घरातल्या कर्त्या पुरुषाला स्वयंपाकघरात ठेवतात!"

थोरलीच्या मागे जावई कणीक मळत होते. धाकटीच्या मागे जावई भांडी विसळत होते. आणि चिरंजीवांनी हातातली गाजराची किसणी हळूच खाली घेतली.

"नाना," ते म्हणाले, "आमच्याकडे तिथेच ठेवतात."